एकट्या फ्लोराची पिल्ले

घोरपड म्हटली की आपल्याला तानाजी, सिंहगड आणि दोर आठवतो. तिच्याच कुळातली, पण दहा फुटांपर्यंत वाढणारी थोरली बहीण म्हणजे इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या अशाच एका मादीची, फ्लोराची, हकिगत वाचून मी थक्क झालो.

फ्लोराला नराचा सहवास कधीच लाभला नव्हता. तरीही २००६ मध्ये तिने २५ अंडी घातली आणि त्यांतली ११ चक्क फलित दिसली! उबवताना खराब झालेल्या तीन अंड्यांतील गर्भांची जनुके तपासली, तेव्हा कळले की त्यांना बापच नव्हता. जानेवारी २००७ मध्ये उरलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर येऊ लागली. ना संप्रेरकांची इंजेक्शने, ना कृत्रिम रेतन.

मग अशा उपचारांची गरजच काय? मेख इथेच आहे. या जातीत नराची गुणसूत्रे 'झेडझेड', मादीची 'झेडडब्ल्यू'. एकटीच्या अंड्यातून 'झेडझेड' किंवा 'डब्ल्यूडब्ल्यू' एवढेच संभवते आणि 'डब्ल्यूडब्ल्यू' जगत नाही. म्हणून पिल्ले सारी नरच. शिवाय जनुके फक्त आईचीच. त्यामुळे वैविध्य आटते. २०२१ मध्ये संकटग्रस्त ठरलेल्या जातीला हे परवडणारे नाही.

लंडनच्या सुंगाई या मादीनेही एकटीने पिल्ले दिली होती. पुढे नर मिळाल्यावर तिला त्याच्यापासूनही संतती झाली. मला वाटते, पिंजऱ्यातल्या मादीसाठी पहिला उपचार सुईत नाही, सोबतीत आहे.