शेपटीला कोण सांगतं?

काल खारघरच्या टेकडीखालच्या डबक्यात तू बेडूकमासे पाहिलेस. एकाला मागचे पाय फुटले होते. तू विचारलंस, "आबा, शेपटीला कसं कळतं, आता आपण जायचं म्हणून?" रात्री अंथरुणावर पडलो तरी तो प्रश्न काही मला सोडेना. ये, बस इथं.

निरोप निघतो गळ्यातून. बेडूकमाशाच्या गळ्यात थायरॉइड असते, तुझ्यामाझ्यासारखीच. आयोडीन घेऊन ती एक संप्रेरक बनवते आणि रक्तात सोडते. 1912 साली गुडरनाच नावाच्या संशोधकानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड खाऊ घातली, तर ते वाढ पुरी व्हायच्या आतच बेडूक झाले. इवलेइवलेसे बेडूक! घोड्याचा निरोप बेडकाला कळला, बाळा.

खरं नवल तर पुढंच आहे. संप्रेरक एकच, पण त्यानं पाय वाढतो आणि शेपूट विरघळते. कारण पेशीच्या केंद्रकात त्याचा निरोप घेणारं एक प्रथिन बसलेलं असतं. त्याला म्हणतात ग्राही. निरोप येईपर्यंत तो काही जनुकांना गप्प ठेवतो, आला की बोलू देतो. पायात बोलणारी जनुकं वेगळी, शेपटीतली वेगळी.

आता एवढासा ग्राही कुठल्या पेशीत आहे, हे बघायचं कसं? सूक्ष्मदर्शकातून नुसतं पाहून तो ओळखू येत नाही. तिथं मदतीला येतो ससा! सशाच्या अंगात परकं प्रथिन टोचलं, की त्याचं रक्त नेमकं त्यालाच धरणारे प्रतिपिंड तयार करतं. पण हा ग्राही सशातही असतो. मग तो त्याला परका कसा वाटणार? म्हणून ग्राहीचा छोटासा तुकडा घेतात आणि समुद्रातल्या एका शंखवाल्या जिवाच्या रक्तातल्या भल्यामोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. सशाचं रक्त त्या पाहुण्यावर तुटून पडतं आणि तुकड्यालाही ओळखायला शिकतं.

ते प्रतिपिंड शेपटीच्या पातळ कापावर घालायचे. ग्राही असेल तिथं ते चिकटतात, बाकीचे धुऊन जातात. मग सशाचे प्रतिपिंड ओळखणारे बकरीचे प्रतिपिंड घालायचे. त्यांना मुळ्याच्या नात्यातल्या एका झाडाच्या मुळातलं एन्झाइम बांधलेलं असतं. वर रसायनाचा थेंब टाकला, की ग्राहीच्या जागी तपकिरी रंग उमटतो. ससा, बकरी, समुद्रातला जीव, झाडाचं मूळ, सगळे एका काचपट्टीवर! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

मात्र ज्या पेशींत ग्राही नाहीच, त्यांच्यावरही हेच करून बघतात. तिथंही रंग आला, तर ते प्रतिपिंड भरवशाचे नाहीत. ही पडताळणी मला फार मोलाची वाटते.

आपली आजी रोज सकाळी उपाशीपोटी बारीक गोळी घेते ना, तिच्यात हेच संप्रेरक आहे. ते रक्तात किती आहे, हे मोजायचे संच आपल्या वाशीत, अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेत बनवतात. त्यांतही प्रतिपिंडच असतात, फक्त खुणेसाठी रंगाऐवजी किरणोत्सारी आयोडीन-125 वापरतात.

पाऊस उघडलाय बघ. चपला घाल, कालच्या त्या पठ्ठ्याला पुढचे पाय फुटलेत का पाहू.