ठिपके मोजणारी माणसं

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावात डब्ल्यू. आर. केस अँड सन्स कंपनीचा चाकूंचा कारखाना आहे. कंपनी आपला जन्म 1889 चा सांगते. तिचे खिशात मावणारे घडीचे चाकू जमवणाऱ्यांचा क्लब 1981 पासून चालू आहे आणि नवख्याला चटकन सामावून घेणारी मंडळी म्हणून या संग्राहकांचा लौकिक आहे. खेड्यापाड्यातली साधी, दिलदार माणसं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. पण दिलदार माणसं सगळ्याच छंदांत असतात, आणि तरी कित्येक छंदांची दारं नवख्याला बंदच वाटतात. इथे दार उघडं राहतं त्याचं श्रेय माणसांपेक्षा त्या चाकूच्या घडणीला जास्त द्यायला हवं.

पातं उघडलं की त्याच्या बुडाशी, मुठीला लागून, कंपनीचा शिक्का दिसतो. 1970 मध्ये तिथे दहा ठिपके मारायला सुरुवात झाली आणि दर वर्षी एक ठिपका कमी होत गेला. सात ठिपके असतील तर चाकू 1973 चा, एकच असेल तर 1979 चा. 1980 मध्ये पुन्हा दहा ठिपके आले, पण आता कंपनीच्या नावातल्या ‘एस’ला विजेसारखं टोक होतं. पात्याच्या बुडावरच्या आकड्याचीही अशीच फोड करता येते. 6254 मधला 6 म्हणजे हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 हा त्या घाटाचा क्रमांक. एवढं कळायला ना पदवी लागते ना गडगंज पैसा. शाळकरी पोरगंही पाच मिनिटांत आजोबांच्या चाकूचं वय काढू शकतं आणि तिथूनच त्याचा या मंडळीत शिरकाव होतो. 1990 मध्ये कंपनीने ठिपके सोडून सरळ सालच छापायला घेतलं. ते कितीतरी सोयीचं होतं, तरी 1993 मध्ये ठिपके परत आले. वाचायला सोपं पण शिकावं लागणारं चिन्ह लोकांना हवंच असतं.

पुढचं शिक्षण मात्र वाचून होत नाही. या चाकूला खटका नसतो. पाठीतली स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते आणि तेवढ्यावरच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. काही चाकूंत ते अर्ध्यावर, काटकोनात थबकतं. स्प्रिंग किती ताठ असावी, पातं मिटताना कसा आवाज यावा, हे चाकू हातात घेतल्यावरच कळतं. साध्या पोलादाच्या पात्यावर वापराने चढणारी राखाडी झाक घासून काढली की चाकू चकाकतो आणि त्याची किंमत उतरते, हेही कुणीतरी वेळीच सांगावं लागतं. जाणत्याने हे गुपित ठेवून नवख्याला गंडवावं, त्यात फायदाच नाही का, असा आक्षेप घेता येईल. एकदोन सौद्यांपुरता आहेही. पण जुन्या नावाचे खोटे शिक्के मारलेले चाकू बाजारात फिरत असतात आणि ते अजाण गिऱ्हाइकाच्या जिवावर खपतात. असं गिऱ्हाईक एकदा फसलं की अस्सल चाकूकडेही संशयाने पाहतं. म्हणजे नवख्याला शिकवून जाणता स्वतःच्याच संग्रहाची राखण करत असतो.

हा सगळा पाहुणचार म्हणजे कंपनीची विक्रीची युक्ती, असंही म्हणता येईल. क्लब कंपनीचा, आणि दरवर्षी हाडाला नवा रंग देऊन ‘खास आवृत्ती’ काढणारीही तीच. यात तथ्य आहे. मात्र इम्पीरियल श्रेड ही दुसरी चाकू कंपनी 2004 मध्ये बंद पडली, पाठोपाठ 2007 मध्ये कॅमिलस ही आणखी एक. त्यांच्या जुन्या चाकूंमागे आज पैसा लावणारं कुणी नाही, तरी संग्राहक ते हौसेने शोधतात आणि नव्यांना ओळखायला शिकवतात.

शेवटी हत्यारच ते, या आक्षेपाला ब्रिटनच्या कायद्यात उत्तर सापडतं. तिथे सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यावर कडक बंधनं आहेत, पण तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, उघडल्यावर न अडकणारा घडीचा चाकू त्यांतून वगळला आहे. दोरी कापायला आणि सफरचंद सोलायला केलेली वस्तू कायदाही ओळखतो.

मला खटकतो तो मुद्दा वेगळा आहे आणि तो आपल्या रानांपर्यंत येतो. चाकूवरच्या आकड्याच्या सुरुवातीला 5 असेल तर मूठ शिंगाची. इंग्लंडमधल्या शेफिल्डपासून अमेरिकेपर्यंतच्या कारागिरांना त्यासाठी भारतातलं सांबरशिंग हवं असे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात बंद केली आणि जुन्या मुठींचा भाव वाढला. सांबराचं शिंग दरवर्षी झडतं, म्हणजे त्यासाठी जनावर मारावंच लागतं असं नाही. पण एखाद्या मुठीचं शिंग रानात वेचलेलं की मारलेल्या सांबराचं, याची नोंद त्या शिक्क्यात कुठेच नाही. ठिपक्यावरून साल अचूक सांगणाऱ्यांनी हाही प्रश्न नवख्यांना विचारायला शिकवावं.