पिल्लू बाहेर का आले नाही?

मुलांनो, खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसते, हे तुम्ही पाहिले असेल. २१ दिवस ती अंडी उबवते. दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठते आणि लगबगीने परत येते. हेच काम आपण घरी खोके, विजेचा दिवा, तापमापक आणि पाण्याची वाटी यांच्या मदतीने करू शकतो. दिवा जोडताना मात्र घरातील मोठ्या माणसांची मदत घ्या.

कधी कधी २१ दिवस उलटतात, पण दहा अंड्यांतून दोनच पिल्ले बाहेर येतात. "आपले नशीब!" असे म्हणून आपण उरलेली अंडी फेकून देतो. असे करू नका. काय चुकले, हे त्या अंड्यांवरूनच कळते.

पहिला प्रश्न असा, की अंड्यात जीव होता का? कळपात कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. पण त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. दुकानातील अंडी बहुधा अशीच असतात. म्हणून जिथे कोंबडा आहे तिथूनच अंडी आणा. ती सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुऊ नका. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर निघून जातो आणि जंतू आत शिरतात.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याचा रुंद भाग टॉर्चवर धरा. आत लाल शिरांचे जाळे दिसले, तर गर्भ वाढत आहे. अंडे स्वच्छ दिसले, तर बहुधा त्यात जीव नव्हताच. नुसते लाल कडे दिसले, तर गर्भ वाढू लागला होता, पण मेला. जुने अंडे, कमीजास्त ऊब किंवा जंतू ही त्याची कारणे असू शकतात. ज्या अंड्याला दुर्गंधी येते, ते लगेच बाहेर काढा.

आता ऊब पाहू. पंखा असलेल्या यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागते. साध्या खोक्यात अंड्यांच्या वरच्या पातळीवर ते सुमारे ३८.५ अंश ठेवावे. ऊब थोडी जास्त झाली, तर पिल्ले लवकर निघतात. थोडी कमी पडली, तर उशिरा निघतात. फार जास्त झाली, तर गर्भ मरतो. वीज गेली, तर खोके उघडू नका. त्यावर जाड चादर टाका. वीज आल्यावर ती लगेच काढा, कारण खोक्याला हवेची छिद्रेही हवीत.

गर्भ कवचाच्या आतील बाजूला चिकटू नये म्हणून अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज तीन किंवा पाच वेळा फिरवा. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली करा, म्हणजे घोटाळा होणार नाही. अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवू नका, झाकणही उघडू नका. या दिवसांत ओलावा अधिक लागतो. हवा कोरडी असली, तर आतील पापुद्रा सुकून पिल्लाला घट्ट चिकटतो आणि पूर्ण वाढलेले पिल्लूही आत अडकते. म्हणून अठराव्या दिवशीच खोक्यात पाण्याची आणखी एक वाटी ठेवा.

कवचाला पहिले भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. त्याची धडपड पाहून आपला जीव कासावीस होतो आणि कवच सोलावेसे वाटते. पण हात आवरा! त्या वेळी पापुद्र्यातील शिरांत रक्त असते. कवच ओढले, तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरू शकते. घाई करू नका. पोटात घेतलेला बलक त्याला बाहेर आल्यावरही एक-दोन दिवस पुरतो.

एक वही ठेवा. तिच्यात रोजचे तापमान, फिरवण्याच्या वेळा आणि वीज गेल्याची वेळ लिहा. अंडी उबली नाहीत, तर ती वही उघडा. कोणत्या दिवशी काय चुकले, ते तिच्यात सापडेल आणि पुढच्या वेळी खोक्यातून अधिक पिल्लांची चिवचिव ऐकू येईल.