झाकणाला हात लावायची वेळ

पहाटे ५

मे महिन्यात जयपूरजवळच्या आमेरला इंजिन खात्रीने गार सापडतं ते याच वेळी. मंडळी उठायच्या आत बॉनेट उघडतो. गाडी टेम्पो ट्रॅव्हलर, मंडळी साताऱ्याची, बरोबर क्लीनर म्हणून माझा भाचा. तो टॉर्च धरतो.

"मामा, बाटलीत पाणी बरोबर खुणेवर आहे. मग रेडिएटरचं झाकण कशाला उघडायचं?"

बाटली खोटं बोलू शकते म्हणून. झाकणाचं रबर गेलं किंवा मधली नळी तुंबली, की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. म्हणून इंजिन गार असताना झाकण काढून आत बघायचं. पाणी काठोकाठ हवं. आज दोन बोटं कमी निघालं. हे मला आवडलं नाही.

भर घातली ती अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी अशी. बोअरचं पाणी इथे फार जड आहे. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो आणि तिथून काही निघत नाही. हिरव्या कूलंटमध्ये लाल ओतायचं नाही, हेही भाच्याला पुन्हा सांगितलं. मग होज दाबून पाहिले. क्लिपजवळ फुगलेला किंवा चिरलेला होज घाटातच फुटतो. फॅनबेल्ट बोटाने दाबला, ताण ठीक. डिपस्टिकवर ऑइल काळंच आहे, दुधाळ नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. दोन बोटं पाणी गेलं कुठे, हे मात्र कळलं नाही.

सकाळी ६

जाळी धुतली. वाटेतली धूळ, किडे, कडुनिंबाचा पाला सगळं रेडिएटरच्या पात्यांत अडकतं. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, तेही हलक्या धारेने. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा पाती वाकवून टाकतो, मग हवा जाणार कुठून?

सकाळी ८

मावठा तलावाजवळ गाडी लावली. वर किल्ल्यात आपली गाडी जात नाही. कोणी पायी चढलं, कोणाला हत्ती हवा होता (तो सकाळीच मिळतो), गुडघेवाल्या मावश्या जीपने गेल्या. या जीपवाल्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. गावातल्या बोळांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर दिवसभर वर-खाली. गाडीला वेग नाही म्हणजे समोरून वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर.

चहाच्या टपरीवर त्यांच्यातला एक जण म्हणाला की थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह त्याने काढूनच फेकलाय, गाडी गार राहते. हे औषध आपल्याकडेही गॅरेजोगॅरेजी मिळतं. मला पटत नाही. तो वॉल्व्ह साधारण ८२ अंशांना उघडतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि मग त्याच बेताला राहतं. काढला की जानेवारीच्या थंडीत इंजिन अर्धकच्चं चालतं, डिझेल पितं, झिजतं. अडकला असेल तर नवा घालावा, एवढं सोपं आहे.

वर किल्ल्यातल्या सुखनिवासात पाण्याचा पाट काढलाय. त्याच्यावरून वारा आत यायचा आणि दालन गार व्हायचं. गाइड त्याला राजाचा एसी म्हणतात. मला तो उलटा रेडिएटर वाटतो: तिथे पाणी हवेला गार करायचं, आमच्याकडे हवा पाण्याला. हवाच तापली की आमची पंचाईत होते. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेर २५ असेल, तर उष्णता बाहेर पडायला ६५ अंशांचा उतार मिळतो. बाहेर ४५ झाले की उरतात ४५. तोच रेडिएटर, काम जवळजवळ एक तृतीयांशाने कमी.

सकाळी ११

शेजारच्या गाडीतून वाफ निघाली. गाडीवाला, त्याची बायको, दोन मुलं. त्याने बॉनेट उघडलं, एका हातात फडकं, दुसऱ्या हातात थंडगार पाण्याची बाटली. मी ओरडलोच, "भाईसाब, हाथ मत लगाना!"

रागावला तो. पण तिथे रागावून घ्यावंच लागतं. झाकणाखाली दाब असतो, त्या दाबामुळेच आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळतं. एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होते. त्यातलं थोडं जरी उसळलं तरी मनगटापासून तोंडापर्यंत भाजतं. फडकं टाकून अर्धा आटा फिरवायची मर्दुमकी मी बऱ्याच जणांची पाहिलीय. वर ती थंड बाटली. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

मुलांना सावलीत बसवलं आणि थांबलो. पाऊण तास लागला. वरचा होज बोटांनी सहज दबला, त्यावर हात ठेवता आला, तेव्हा जाड फडक्याची घडी झाकणावर ठेवली, तोंड बाजूला केलं, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली, मगच दाबून काढलं. इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतलं. खालचा होज क्लिपपाशी फाटला होता. तात्पुरती पट्टी गुंडाळून त्याला गॅरेजकडे पाठवला.

दुपारी २

जयगड. मंडळींना १७२० साली ओतलेली जयवाण तोफ पाहायचीच होती. घाट सुरू व्हायच्या आधी एसी बंद केला. "ओ ड्रायव्हरकाका, भाजून काढताय का आम्हाला?" असं मागून आलंच. बोजा कमी केला, दुसरा गिअर धरला. काटा अर्ध्याच्या वर सरकला तसा हीटरही लावला. इंजिनची थोडी उष्णता गाडीत ओढून घेतो तो. आता मागून जे आलं ते इथे लिहीत नाही.

वर पोचल्यावर लगेच चावी फिरवली नाही. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंपही थांबतो, आणि हेडमधली धग साचलेल्या पाण्यात उतरते. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवलं, काटा खाली आला, मग बंद.

संध्याकाळी ६

मंडळी बाजारात. कूलंटच्या डब्याचं झाकण सैल होतं, थोडं जमिनीवर सांडलं. भाच्याला लगेच धुवून काढायला लावलं. गोड लागतं ते, कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. काढलेलं जुनं कूलंटही कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यायचं, गटारात ओतायचं नाही.

रात्री १०

इंजिन अजून कढत आहे, झाकण उघडणार नाही. पण ती दोन बोटं डोक्यातून जात नाहीत. भाच्याने दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणलं, ते फाडून इंजिनखाली पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. उद्या अजमेर. ठिपका क्लिपखाली पडला असेल तर क्लिप आवळून निघता येईल. वॉटर पंपाखाली पडला असेल तर पंप पाझरतोय. मग आधी जयपूरला पंप बदलायचा, आणि साताऱ्याच्या मंडळींना नाश्ता जरा सावकाश करा म्हणून सांगायचं.