शेपटीला चाक असलेले विमान : खरी कसोटी जमिनीवर

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन 'पस मॉथ' विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहू येथे उतरले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई हा प्रवास 'लेपर्ड मॉथ'मधून पुन्हा केला. या दोन्ही विमानांची घडण सारखीच होती : दोन मुख्य चाके पुढे आणि तिसरा आधार शेपटीखाली. १९३९ मध्ये कोल्हापूरचा विमानतळ सुरू झाला, त्या काळी बहुतेक विमाने अशीच असत. नाक वर असल्याने खडबडीत मैदानावर पंखा दगडमातीपासून सुरक्षित राही.

ही विमाने शिकण्यातली अवघड गोष्ट उड्डाण नव्हे, तर जमिनीवरची चाल होय. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. गळीत हंगामात कोडोली-वारणानगर परिसरात उसाची ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टरचालक पाहिला, की याचा अर्थ उमगतो. ट्रॉली किंचित तिरकी झाली, की ती आपोआप अधिकच तिरकी होत जाते. विमानाचेही तसेच घडते. दुर्लक्ष झाल्यास शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेते. यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात. त्यात पंखाचे टोक जमिनीवर आदळू शकते, चाकांचे खांबही मोडू शकतात. उपाय एकच : तिरकेपणा दिसताच पायांनी रडर, म्हणजे शेपटीवरील उभे सुकाणू, थोडे दाबून लगेच सोडणे.

उभारलेल्या नाकामुळे समोरचे दिसत नाही. म्हणून धावपट्टीकडे जाताना वैमानिक नागमोडी चालतो. वारा समोरून असल्यास दांडी मागे ओढून शेपूट दाबून ठेवायची, पाठीमागून असल्यास पुढे ढकलायची, हा पहिला धडा. उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्ती दिल्यावर विमान एका बाजूला ओढले जाते. वैमानिकाच्या जागेवरून पंखा उजवीकडे फिरत असेल, तर ही ओढ डावीकडे असते आणि शेपूट उचलताना ती क्षणभर वाढते.

उतरण्याच्या पद्धती दोन. एकीत वेग कमी करून तिन्ही आधार एकदम टेकवतात; दुसरीत मुख्य चाके आधी टेकवून शेपूट नंतर खाली येऊ देतात. आदळून उतरल्यास शेपूट खाली जाते, पंखांची उचल वाढते आणि विमान पुन्हा उसळते. हवेत मात्र शेपटीच्या चाकाने फारसा फरक पडत नाही. तरीही जुन्या विमानांत वळताना नाक उलट दिशेला जाऊ पाहते, त्यामुळे तेथेही पाय सतत जागे ठेवावे लागतात.

बंगळुरूत घडलेल्या 'एचटी-२' (१९५१) आणि 'पुष्पक' (१९५८) या विमानांवर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या घडल्या. पुढे नाकाखाली चाक असलेली प्रशिक्षण विमाने रूढ झाली. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ती आपोआप सरळ होतात आणि पायांच्या चुका झाकल्या जातात. म्हणूनच अमेरिकेत शेपटीच्या चाकाचे विमान चालवण्यासाठी प्रशिक्षकाची स्वतंत्र नोंद लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशी विमाने चालवलेल्यांनाच त्यातून सूट आहे. उतरलेले विमान पूर्ण थांबेपर्यंत उड्डाण संपत नाही, ही शिस्त ही विमाने अंगी बाणवतात.