दुर्मिळ कोणासाठी? : ‘अनाथ’ औषधे आणि कायदा

एखाद्या रोगाचे रुग्ण थोडे असले, की त्याच्या औषधाला बाजारात वाली उरत नाही. संशोधनाचा अफाट खर्च मूठभर गिऱ्हाइकांकडून कसा वसूल व्हायचा, असा औषध कंपन्यांचा हिशेब असतो. अशा औषधांना ‘ऑर्फन ड्रग’, म्हणजे अनाथ औषधे, हे नाव पडले. त्यांना पालक मिळावा म्हणून अमेरिकेने जानेवारी १९८३ मध्ये कायदा केला. ज्या रोगाचे त्या देशात दोन लाखांहून कमी रुग्ण आहेत, त्यावर औषध काढणाऱ्यास सात वर्षे विक्रीचा एकाधिकार मिळतो. शिवाय मानवी चाचण्यांच्या खर्चावर करसवलत मिळते. ती पूर्वी ५० टक्के होती, २०१८ पासून २५ टक्के आहे. जपानने १९९३ मध्ये आणि युरोपीय संघाने २००० पासून हाच मार्ग धरला.

सारी मेख आहे ती शिरगणतीत. सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आले, तर मुलाच्या तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अमेरिकेत या रोगाचे रुग्ण सुमारे एक लाख. म्हणून तेथे तो ‘दुर्मिळ’. परंतु सुरत जिल्ह्यातील मांडवी, उमरपाडा, महुवा या तालुक्यांत, शेजारच्या तापी जिल्ह्यात, आणि येथील अनेक श्रोत्यांचे मूळ ज्या बाजूचे आहे त्या नंदुरबारात, गामीत, चौधरी, वसावा, भिल्ल यांच्या वस्त्यांना तो चांगलाच परिचित आहे!

अमेरिकी कायद्याचा लाभ या रोगाला झाला, हे नाकारता येणार नाही. कर्करोगावर आधीपासून वापरात असलेल्या हायड्रॉक्सियुरियाला १९९८ मध्ये तेथे सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये तर जनुकोपचारही मान्य झाले. त्यांपैकी एकाची किंमत मात्र बावीस लाख डॉलर! एकाधिकाराचे बक्षीस अखेर कोणीतरी चुकवायचेच असते. तेथे विमा ते चुकवितो. उमरपाड्याच्या शेतमजुरासाठी ते कोण चुकविणार?

आपल्याकडे २०१९ च्या औषधचाचणी नियमांनी पाच लाखांपर्यंत रुग्ण असलेल्या रोगाच्या औषधाला ‘अनाथ’ मानले, चाचणीच्या अर्जाचे शुल्क माफ केले आणि अर्जांची छाननी जलद करण्याची सोय ठेवली. एकाधिकाराचे आमिष मात्र ठेवले नाही. माझ्या मते ते योग्यच झाले. टायरोसिनेमिया या यकृताच्या रोगावरील निटिसिनोन हे औषध पाहा. २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की, देशी उत्पादनामुळे त्याचा वार्षिक खर्च सव्वादोन कोटींच्या घरातून अडीच लाखांवर आला आहे. तरीही अडीच लाख ही रक्कम थोडी नव्हे; आणि कोणी विकतच घेतले नाही, तर कारखानदार ते किती वर्षे बनवील?

म्हणून शुल्कमाफीपेक्षा खरेदीची हमी मला महत्त्वाची वाटते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. या तपासणीतून रुग्णसंख्या हाती येते. लहान मुलांना कॅप्सूल गिळता येत नाही. त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरियाचे पातळ औषध अमुक इतके, अमुक दराने, पाच वर्षे घेऊ, असा लेखी करार सरकार त्या आकड्यावर करू शकते.