ओवाळणी, आहेर आणि परतभेट

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, पत्नी पतीचे औक्षण करते आणि पती तिच्या तबकात ओवाळणी घालतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही हा रिवाज पाळतात. त्या सुमारास शेजारच्या घरी गोवर्धनपूजा चाललेली असते. पतीने पत्नीला भेट देण्याचा त्यांचा सण करवा चौथ, तो आधीच होऊन गेलेला असतो.

ओवाळणीची किंमत सहसा कोणी विचारत नाही. तबकात नाणे पडो वा नवी साडी, एकाने दीर्घायुष्य चिंतिले, दुसऱ्याने भेट दिली; देवघेव त्याच पाटावर पुरी झाली. आहेराचे तसे नाही. लग्नात कोणी किती रुपये दिले, कोणते भांडे दिले, याची नोंद घरातील एखादा जाणता माणूस वहीत करतो. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडली जाते आणि तेवढ्याच मोलाचा, शक्य तर थोडा अधिक, आहेर केला जातो. या रीतीने लग्नघराच्या खर्चाला हातभार लागे, हे खरेच. परंतु ज्याचे हातावर पोट आहे, त्याला तीच वही सावकाराच्या खात्यासारखी भासते. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापण्याची प्रथा आली, ती उगीच नव्हे.

गुरुग्राममध्ये मोटार उद्योगामुळे अनेक जपानी कुटुंबेही राहतात. भेटीची परतफेड हा त्यांच्या समाजातही जुना दंडक आहे. परतभेटीला ते 'ओकाएशी' म्हणतात. व्हॅलेंटाइन दिन हा मूळचा पाश्चात्त्य प्रेमदिन जपानमध्ये गेला, तेव्हा त्यालाही हा दंडक लागू झाला. कोबे शहरातील मोरोझोफ या मिठाईच्या कंपनीने १९३६ साली या दिवसासाठी चॉकलेटची जाहिरात केली होती. पुढे, विशेषतः १९७० नंतर, १४ फेब्रुवारीला स्त्रियांनी पुरुषांना चॉकलेट द्यावे अशी रूढी पडली. मिठाई उत्पादकांनी १९८० पासून १४ मार्च हा 'व्हाइट डे' रुजवला; त्या दिवशी पुरुषांनी परतभेट द्यायची. ती तिप्पट मोलाची असावी, असाही एक संकेत आहे. व्यापारी मोठे हुशार!

प्रियकराला किंवा पतीला द्यायचे ते 'होनमेई-चोको', म्हणजे मनापासूनचे चॉकलेट. कार्यालयातील वरिष्ठांना व सहकाऱ्यांना द्यायचे ते 'गिरी-चोको'. जपानी भाषेत 'गिरी' म्हणजे समाजात पाळावे लागणारे कर्तव्य. आपल्या 'दादागिरी'शी त्याचा संबंध नाही. प्रेमाच्या दिवसाचा खरा भार या दुसऱ्या प्रकारात होता. नोकरदार स्त्रीला पदरमोड करून कोणालाही न वगळता वाटप करावे लागे, आणि पुरुषाला महिनाभरात प्रत्येकीची परतफेड. २०१८ साली गोडायवा या चॉकलेट विकणाऱ्या कंपनीनेच 'गिरी-चोको देणे थांबवू या' अशी जाहिरात एका प्रमुख जपानी वृत्तपत्रात दिली. काही कार्यालयांनीही ही प्रथा बंद केली आहे.

आता अनेक तरुणी मैत्रिणींनाच चॉकलेट देतात. त्याला 'तोमो-चोको', म्हणजे मैत्रीचे चॉकलेट म्हणतात. मैत्रिणी ती बहुधा परस्परांना त्याच दिवशी देतात, त्यामुळे १४ मार्चपर्यंत हिशेब उरत नाही.